उमेदवारांच्या चर्चेनंतर आरोग्यधोरणावर वाद कसा घालावा

निवडणुकीच्या दिवसांत वाहिन्यांवर, नाट्यगृहांत आणि हल्ली ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या गृहसंकुलांच्या आवारातही उमेदवारांना समोरासमोर बसवून चर्चा घडवली जाते. आरोग्याचा विषय त्यात बहुधा शेवटी येतो. एक उमेदवार नव्या रुग्णालयाचे आश्वासन देतो, दुसरा मोफत उपचारांच्या कार्डाची आठवण करून देतो, टाळ्या पडतात आणि खरा वाद दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर, रिक्षा स्टँडवर किंवा सकाळच्या लोकलमध्ये सुरू होतो. तो वाद बहुतेक वेळा ‘तुमच्या पक्षाने इतकी वर्षे काय केले’ या प्रश्नाशी येऊन अडतो, आणि ज्याच्या घरात आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागणारा माणूस आहे, त्याच्या हाती त्यातून काहीही लागत नाही. हा वाद टाळावा असे माझे मत नाही. तो घालायलाच हवा. मात्र त्याच्या शेवटी उमेदवाराला देता येईल असा एक तरी लेखी प्रश्न तयार व्हावा, अशा रीतीने घालायला हवा. त्यासाठी काय करावे, हे पुढे सांगितले आहे.

आधी रुग्णालय कोणाचे, ते पाहावे

आपल्याकडे आरोग्यावरचा निम्मा वाद चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारल्यामुळे वाया जातो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा राज्याचा विषय आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत तो नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवायच्या विषयांतही आहे. आणि मोठ्या योजनांचा पैसा व निकष केंद्राकडूनही येतात. त्यामुळे प्रत्येक पातळीवरचा उमेदवार यश स्वतःचे सांगू शकतो आणि अपयश दुसऱ्याकडे ढकलू शकतो. श्रोत्याने हा गुंता आधीच सोडवून ठेवलेला असावा.

ठाण्यापुरते बोलायचे तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय महापालिका चालवते. ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, ते राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे आहे. त्याच्या जागी ९०० खाटांचे नवे रुग्णालय उभारण्याचे काम हाती घेतले गेले आणि तोवरच्या सेवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या परिसरात हलवण्यात आल्या. वागळे इस्टेटमधील कामगार रुग्णालय राज्य कामगार विमा योजनेचे आहे आणि ते विमाधारक कामगार व त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे. नवी मुंबईत वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची सार्वजनिक रुग्णालये नवी मुंबई महापालिकेची आहेत. खारघर, कामोठे, कळंबोली येथील मंडळी स्वतःला नवी मुंबईकर म्हणवत असली तरी त्यांचे मत २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेसाठी असते आणि पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय राज्याचे आहे, हेही ध्यानात असू द्यावे. घणसोलीत राहणाऱ्या मेव्हण्याचा अनुभव खारघरच्या उमेदवारापुढे मांडल्यास तो हसून विषय बदलेल, आणि त्याचे ते हसणे रास्तच असेल.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय १५ ऑगस्ट २०२३ पासून अमलात आला. त्या निर्णयात महापालिकांची रुग्णालये नव्हती. चर्चेत कोणी ‘सरकारी रुग्णालयात आता सगळे मोफत आहे’ असे म्हणाला आणि समोरून कोणी ‘मग कळव्यात आम्ही पैसे कसे भरले’ असे विचारले, तर दोघेही खरे बोलत असू शकतात. अशा वेळी आवाज चढवण्यापेक्षा रुग्णालय कोणाचे, एवढे विचारले की अर्धा वाद तिथेच मिटतो आणि उरलेल्या अर्ध्या वादाला अर्थ येतो: महापालिकेच्या रुग्णालयांतही हीच सवलत द्यावी का, आणि दिली तर तो खर्च कोणी सोसावा?

काही प्रश्न मात्र खरोखरच दोन्हीकडे विभागलेले असतात. महापालिकेच्या रुग्णालयात किती डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ असावेत याचा आकृतिबंध राज्याच्या नगरविकास विभागाकडून मंजूर व्हावा लागतो. त्यानंतरची भरती आणि पगार महापालिकेने पाहायचे असतात. म्हणून ‘डॉक्टर का नाहीत’ हा प्रश्न विधानसभेच्या उमेदवारालाही विचारता येतो आणि नगरसेवकपदाच्या उमेदवारालाही, पण वेगवेगळ्या शब्दांत. पहिल्याला पदांच्या मंजुरीबद्दल विचारावे, दुसऱ्याला मंजूर पदांपैकी रिकामी किती, हे विचारावे.

चर्चा ऐकताना क्रियापदांकडे लक्ष द्यावे

वही आणि पेन घेऊन बसावे. मोबाइलवर टिपून घेतले तरी चालेल, पण टिपून घ्यावे, कारण दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला आपल्याला सोयीचे तेवढेच आठवते. उमेदवाराचे वाक्य जसेच्या तसे लिहावे आणि त्याच्या क्रियापदाखाली रेघ मारावी. ‘मंजुरी मिळवली’, ‘निधी आणला’, ‘भूमिपूजन झाले’, ‘लोकार्पण झाले’ आणि ‘सुरू आहे’ या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. प्रशासकीय मान्यता, अर्थसंकल्पात तरतूद, निविदा, कार्यादेश, बांधकाम, यंत्रसामग्री, पदनिर्मिती आणि भरती एवढ्या पायऱ्या ओलांडल्यावर रुग्णाला खाट मिळते. शेवटच्या दोन पायऱ्यांबद्दल व्यासपीठावर सर्वांत कमी बोलले जाते, कारण इमारतीची फीत कापता येते, परिचारिकेच्या नेमणुकीची कापता येत नाही. माझ्या मते आरोग्यावरच्या कोणत्याही आश्वासनाची पहिली कसोटी हीच असावी: ‘मनुष्यबळ कुठून येणार?’

दुसरी कसोटी आकड्यांची. नागरी आरोग्य अभियान २०१३ साली सुरू झाले तेव्हापासून शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८,४१,४८८ आणि नवी मुंबई महापालिका क्षेत्राची ११,२०,५४७ होती. भागाकार घरच्या घरी करता येतो: त्या जुन्या लोकसंख्येवरही ठाण्याला सुमारे ३७ आणि नवी मुंबईला २२ ते २३ केंद्रे लागतात, आणि त्यानंतर घोडबंदर, दिवा, घणसोली या भागांत किती वस्ती वाढली हे आपण रोज पाहतो आहोत. उमेदवाराने ‘आम्ही एवढी केंद्रे उघडली’ असे सांगितले की हा भागाकार पुढे ठेवावा, आणि त्याच श्वासात विचारावे की त्यांपैकी किती केंद्रांत पूर्णवेळ डॉक्टर आहे, प्रयोगशाळेची सोय आहे आणि संध्याकाळी, म्हणजे कामावरून माणसे परततात त्या वेळी, बाह्यरुग्ण विभाग चालतो.

देशपातळीवरचे दोन-तीन आकडेही हाताशी असावेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे आणि राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करण्याचे उद्दिष्ट होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये हा सरकारी खर्च १.८४ टक्के होता. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सत्ताधारी पक्षाचा समर्थक खिशातून जाणाऱ्या खर्चाचा आकडा सांगेल, विरोधक सरकारी खर्चाचा सांगेल. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत, आणि जो वाद दोन्ही आकडे टेबलावर ठेवून सुरू होतो तो ऐकण्यासारखा होतो.

कार्ड आणि खाट

सगळ्यांत जास्त गरमागरमी होते ती विमा योजनेवरून, म्हणून येथे थोडे थांबायला हवे.

राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर नेली गेली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. पूर्वी राज्याच्या योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते; ते पाच लाखांपर्यंत वाढवून राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा शासन निर्णय जुलै २०२३ मध्ये निघाला. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या सर्व ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेचे वेगळे कार्ड मिळू लागले. हा इतिहास एका पक्षाचा नाही, हे तारखांवरूनच दिसते. योजनेचे श्रेय कोणाला, यावर तासभर घालवण्याची त्यामुळे गरज उरत नाही.

वाद घालायचाच तर तो योजना कुठे पोहोचते आणि कुठे पोहोचत नाही यावर घालावा. ही योजना यादीतल्या आजारांसाठी आणि मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, आणि ती केवळ अंगीकृत, म्हणजे योजनेशी करार केलेल्या, रुग्णालयांतच चालते. मधुमेह-रक्तदाबाच्या दरमहाच्या गोळ्या, बाह्यरुग्ण विभागातल्या तपासण्या, निदान होण्याआधी तीन डॉक्टरांकडे मारलेल्या फेऱ्या या सगळ्याचा खर्च तीत बसत नाही, आणि चाळीतल्या कुटुंबाचे कंबरडे बहुतेक वेळा याच खर्चाने मोडते. म्हणून ‘कार्ड दिले’ या उत्तरावर पुढचे प्रश्न असे हवेत: आपल्या मतदारसंघातली कोणती रुग्णालये अंगीकृत आहेत, त्यांत कोणत्या विशेषज्ञता आहेत, आणि तिथे आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याची, खिडकी रात्री उघडी असते का? योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णालयांची माहिती कोणालाही घेता येते. चर्चेआधी एकाने हे काम करावे आणि सर्वांना सांगावे.

या वादाच्या दोन्ही बाजू प्रामाणिक असू शकतात. एक बाजू म्हणते की सरकारने विम्याचा हप्ता भरावा आणि लोकांना चांगल्या खासगी रुग्णालयात जाऊ द्यावे, कारण सरकारी रुग्णालय उभे राहायला दहा वर्षे लागतात आणि हृदयविकाराचा रुग्ण दहा वर्षे थांबू शकत नाही. दुसरी बाजू म्हणते की तोच पैसा महापालिकेच्या आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांत गेला नाही तर ती कधीच सुधारणार नाहीत आणि खासगी रुग्णालयांनी दर परवडत नाहीत म्हणून योजना सोडली तर कार्ड निरुपयोगी ठरेल. थायलंडने २००२ साली सर्वांसाठी आरोग्यसेवा आणली तेव्हा सरकारी पैसा प्रामुख्याने सरकारी रुग्णालयांच्या आणि जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या जाळ्यातून वापरला. राजस्थानने २०२३ साली आरोग्यहक्काचा कायदा केला तेव्हा तातडीच्या उपचारांचे पैसे वेळेवर कोण देणार यावरून खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. माझे स्वतःचे मत दुसऱ्या बाजूकडे झुकते, आणि त्याला कळव्याचे कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ५०० खाटांच्या त्या रुग्णालयात भिवंडी, मुंब्रा, शहापूर, मुरबाडपासूनचे रुग्ण येतात, अनेकदा अगदी अखेरच्या अवस्थेत. त्या रुग्णांना वाटेत कुठेच अतिदक्षता विभागाची खाट का मिळाली नाही, हा प्रश्न कार्डाने सुटत नाही. पहिल्या बाजूच्या माणसाला हे ऐकवताना, आज रात्री छातीत दुखू लागलेल्या माणसाला कार्डच वाचवेल, हे त्याचे म्हणणेही मान्य करावे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि उमेदवाराने दोन्हींची उत्तरे द्यायला हवीत.

समोरच्याशी बोलताना

वर्तकनगरमधल्या एका इमारतीच्या कार्यालयात अशी एक चर्चा रंगली होती. बँकेतून निवृत्त झालेले एक काका योजनेची बाजू जोरात मांडत होते. त्याच इमारतीत पोळ्यांची कामे करणाऱ्या एक ताई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. काकांनी त्यांनाच विचारले, “ताई, तुमच्याकडे तर कार्ड आहे ना? मग अडचण कुठे आली?” ताई म्हणाल्या, “कार्ड होतं काका. ह्यांना भरती पण केलं कार्डावर. पण तिसऱ्या दिवशी सिस्टरनं चिठ्ठी दिली, हे इंजेक्शन बाहेरून आणा म्हणून. दोन वेळा आणलं. तिसऱ्यांदा बांगडी मोडली.” काका क्षणभर थांबले आणि त्यांनी योग्य तोच प्रश्न विचारला: “चिठ्ठी आहे का अजून? आणि मेडिकलची पावती?”

त्या प्रश्नापासून तो वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात आणि औषधे बाहेरून आणायला लावायची नसतात, हे काकांना ठाऊक होते. ताईंना ते कोणी सांगितलेच नव्हते. चिठ्ठी आणि पावती असेल तर तक्रार करता येते, पैसे परत मागता येतात, आणि उमेदवारासमोर ‘लोकांना त्रास होतो’ या मोघम वाक्याऐवजी एक कागद ठेवता येतो. काकांचा योजनेवरचा विश्वास ढळला नाही आणि ताईंचा रागही कमी झाला नाही. तरीही दोघांनी मिळून जो प्रश्न लिहिला, तो चर्चेतल्या कोणत्याही वक्त्याच्या भाषणापेक्षा नेमका होता.

यातून घ्यायचे ते एवढेच की, समोरच्याने अनुभव सांगितला तर तो खोडू नये आणि त्यावरून लगेच सगळ्या व्यवस्थेबद्दल निष्कर्षही काढू नये. कोणते रुग्णालय, कोणता विभाग, कोणत्या वर्षी, कोणती योजना आणि कागद काय आहेत, हे पाच प्रश्न आपुलकीने विचारावेत. आजारपण सांगताना माणूस हळवा होतो. सर्वांसमोर विचारणे बरे नसेल तर नंतर विचारावे. रुग्णाचे नाव, आजार आणि कागदांचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. आणि वयाने मोठ्या माणसाची चूक दाखवायची असेल तर ‘तुम्हाला काही कळत नाही’ या सुरात न दाखवता शासन निर्णयाची प्रत पुढे करावी. आपल्याकडे काका-मावशी कागद पाहिल्यावर मत बदलतात, अपमान झाल्यावर बदलत नाहीत.

ग्रुपवर फिरणाऱ्या संदेशांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ज्यावर तारीख, शासन निर्णयाचा क्रमांक किंवा खात्याचे नाव नाही, तो संदेश वादात पुरावा म्हणून वापरू नये.

खासगी रुग्णालयांच्या बिलांवरून राग निघतो, तोही योग्य ठिकाणी न्यावा. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात; विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेत हे स्पष्ट आहे आणि त्यावर देखरेख धर्मादाय आयुक्तालयाची असते. शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे असते, आणि शहरांत ही नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. त्यामुळे ‘खासगीवाले लुटतात’ यावर नगरसेवकपदाचा उमेदवार हताश होऊन मान हलवू लागला तर त्याला विचारावे की आपल्या प्रभागातल्या रुग्णालयांत दरपत्रक लागले आहे का, याची तपासणी महापालिकेने शेवटची कधी केली.

प्रश्न कागदावर आणावा

वाद संपता संपता एकाने लिहायला बसावे. वेगवेगळ्या पक्षांना मत देणाऱ्या निदान चार-पाच जणांना मान्य होतील असे दोन किंवा तीन प्रश्न निवडावेत. दहा प्रश्न दिले की उमेदवार सर्वांत सोप्याचे उत्तर देतो. प्रश्नात रुग्णालयाचे नाव, सेवा आणि मुदत असावी. उदाहरणार्थ: ‘ऐरोलीच्या महापालिका रुग्णालयातील अतिदक्षता विभागासाठी मंजूर पदे किती आहेत, आज भरलेली किती आहेत आणि रिक्त पदे निवडून आल्यावर पहिल्या वर्षात भरण्यासाठी आपण कोणत्या बैठकीत कोणता प्रस्ताव मांडणार आहात?’ असा प्रश्न ठाणे, कोपरी-पाचपाखाडी, ओवळा-माजिवडा, मुंब्रा-कळवा, ऐरोली किंवा बेलापूर अशा कोणत्याही मतदारसंघात, तिथले रुग्णालय आणि त्या पदाचे अधिकार पाहून, थोडा बदलून वापरता येतो. तो सर्व उमेदवारांना एकाच मजकुरात द्यावा, पोच घ्यावी आणि आलेली उत्तरे, न आलेल्या उत्तरांसह, इमारतीच्या सूचनाफलकावर लावावीत. सोसायटीच्या नावाने देऊ नये. खाली स्वाक्षरी करणाऱ्या मतदारांच्या नावाने द्यावा, म्हणजे कमिटीत नवा वाद उभा राहत नाही.

आकडे उमेदवाराकडूनच मिळतील, अशी वाट पाहत बसू नये. महापालिकेचा अर्थसंकल्प तिच्या संकेतस्थळावर असतो. त्यात आरोग्य विभागाच्या पानावर मागील वर्षाची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी पाहावेत. औषध खरेदी आणि वेतन या दोन ओळींवरून जे कळते ते भाषणांतून कळत नाही. उरलेल्या माहितीसाठी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्काचा अर्ज करावा: मंजूर आणि रिक्त पदांचा तक्ता, गेल्या वर्षभरात बाहेर पाठवलेल्या रुग्णांची संख्या, बंद असलेल्या यंत्रांची यादी. जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते आणि ते न मिळाल्यास प्रथम अपील करता येते. म्हणून हा अर्ज प्रचार सुरू झाल्यावर केल्यास उत्तर मतदानानंतर हाती येते; निवडणुकीची चाहूल लागताच, शक्य असल्यास दोन महिने आधी करावा. आणि उत्तर उशिरा आलेच तर ते फेकून न देता निवडून आलेल्या प्रतिनिधीच्या कार्यालयात, त्याने चर्चेत काढलेले आणि आपण वहीत उतरवून ठेवलेले वाक्य जोडून, आवक-जावक शिक्क्यासह द्यावे.